उंबऱ्यापर्यंत रस्ता

तात्याबाच्या संडासाची टाकी तुंबली ती त्याच्याच हट्टापायी. हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडावर बोलायची छाती एकट्या भामाबाईची होती. इतकी वर्षं संसार केल्यावर बायकोला तेवढी सूट मिळते.

झालं होतं असं. गल्लीत काँक्रीटचा रस्ता आला आणि ठेकेदार घरांपासून तीन हात अलीकडेच थांबायला लागला. तात्याबाच्या बापानं मेंढरांमागं सारा मुलूख पायी तुडवलेला. आता सरकारी रस्ता दारात आलाच आहे, तर "माझ्या उंबऱ्यापर्यंत आला पायजे," म्हणून तात्याबानं घमेल्यांपुढं बैठक मारली. ठेकेदारानं वैतागून त्याच्या दारात ओतलं आणि पुढं भांडण नको म्हणून समोरच्या सिंधूबाईच्या दारातही ओतलं. त्या तीन हातांतच टाकीचं झाकण आहे, हे तात्याबाला टाकी भरल्यावर आठवलं. शिरूरहून उपसायची गाडी आली. पाइप कुठं घालायचा, असं ड्रायव्हरनं विचारलं. तात्याबानं रस्त्याकडं बोट दाखवलं आणि गाडी आली तशी परत गेली.

मग तात्याबा ग्रामपंचायतीत जाऊन भांडायला लागला. ग्रामसेवक ज्ञानेश भाऊसाहेब तसा गोड माणूस. नाहीसुद्धा हसून म्हणायचा.

"तात्या, रस्ता कसा फोडू? अजून उद्घाटन व्हायचंय. फोटो वर जायचेत."

"आन् उद्घाटन झाल्यावं फोडता यील का?"

"उद्घाटन झालेला रस्ता कुणी फोडतं का?"

तात्याबानं घरी येऊन उपोषणाची घोषणा केली. भामाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "बरंच हुईल. तेवढाच टाकीवरचा भार कमी." उपोषण तिथंच मोडलं. भाकरी गरम होती.

हसण्यावारी नेलं तरी भामाबाईला लेकीचा घोर लागला होता. पाटसला दिलेली तिची पूनम पहिलटकरीण होती, सातवा सरत आला होता. बाळंतपणाला लेकीनं माहेरी यायचं, पण विहीणबाईंनी फोनवर गोडीत सांगितलं होतं, "संडास चालू झाला की कळवा, लगेच पाठवते पूनमला." यात त्यांचं काय चुकलं? अवघडलेल्या पोरीनं कुठं जायचं? भामाबाईनं जुनी लुगडी फाडून बाळुती धुऊन ठेवली होती, आणि त्या घड्या बघितल्या की तिला रडू यायचं.

तोवर नवराबायको समोर सिंधूबाईकडं जात. सिंधूबाई गावची सरपंच. दुपारी तात्याबा तिच्याविरुद्ध अर्ज द्यायचा आणि सकाळी टमरेल घोंगडीखाली लपवून तिच्याच दारात उभा राहायचा. सिंधूबाई मनानं मोठी. "जावा की खुशाल. आमची टाकी बांधल्यापासनं एकदाबी भरली न्हाई," असं ती अभिमानानं सांगायची.

एक दिवस तिथं पाणी ओतल्यावर भामाबाईला आतून गुडगुड ऐकू आली. आवाज ओळखीचा होता. स्वतःची टाकी तुंबायच्या आधी घरातही अशीच गुडगुड चालली होती. बाहेर येऊन ती सिंधूबाईच्या दारापुढं थांबली. इथंच एक फरशीचं झाकण होतं, तापलं की दोघी त्याच्यावर कुरडया वाळत घालायच्या. आता तिथं गुळगुळीत रस्ता होता. भामाबाईला हसू आलं. ती टमरेल उचलून घरी आली.

पुढच्याच आठवड्यात बिरदेवाची जत्रा होती. भामाबाईनं फोन घेतला आणि कवठ्यापासून निमोण्यापर्यंतचे सगळे पाव्हणे बोलावले.

तात्याबा हबकला. "एवढी मान्सं? आन् सकाळी जातील कुठं?"

"सिंधू हाय की."

पाव्हणे आले, बोकड कापला, मटणाचा रस्सा भुरकून झाला. सकाळी भामाबाई एकेकाच्या हातात बादली देऊन प्रेमानं समोर पाठवू लागली, "लाजू नका, सरपंचांचं घर म्हंजी आपलंच." देवाच्या पाव्हण्यांना सिंधूबाई नाही कशी म्हणणार?

जत्रा संपायच्या आतच सिंधूबाईच्या संडासातलं पाणी उलटं वर आलं. शिरूरची तीच गाडी आली. ड्रायव्हरनं विचारलं, पाइप कुठं घालायचा? सरपंचबाईंनी रस्त्याकडं बोट दाखवलं.

ज्ञानेश भाऊसाहेब धावत आले. त्यांना लगेच एक शब्द सापडला, "तातडीची दुरुस्ती." दुपारी ब्रेकर घेऊन माणसं हजर.

"भाऊसाहेब, उद्घाटनाचं काय?" भामाबाईनं विचारलं.

"काकू, आरोग्याचा प्रश्न आहे."

"व्हय का? मग इतके दीस आमचं आरोग्य बरं हुतं म्हनायचं. मशीन आलीच हाय, तर आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊ द्या."

सिंधूबाईनं तिच्याकडं निरखून बघितलं. "भामाक्का, तुला ठावं व्हतं."

"मला काय ठावं, बाई? मी कुठं सरपंच हाय?"

सिंधूबाई रागावणारच होती, पण हसू आधी आलं. तिनं पदर तोंडात कोंबला आणि माणसांना हातानंच खूण केली. दोन्ही दारांपुढचा रस्ता फुटला.

टाक्या उपसल्या त्याच दिवशी भामाबाईनं पाटसला फोन लावला. तिसऱ्या दिवशी विहीणबाई स्वतः पूनमला घेऊन आल्या. जीप उखडलेल्या काँक्रीटपाशी थांबली. तात्याबानं खड्ड्यावर फळी टाकली आणि पोटुशा लेकीचा हात धरून तिला हळूहळू पलीकडं आणलं.

विहीणबाईंनी विचारलं, "नवाकोरा रस्ता, हो! कुणी फोडला?"

"सरकारनं," तात्याबा छाती फुगवून म्हणाला. "पूनम येनार म्हनून. पार उंबऱ्यापर्यंत."

भामाबाई भाकरतुकडा ओवाळायला दारात उभी होती. तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.