आजोबांना किळस येईना

आजोबांइतका नाक मुरडणारा माणूस अख्ख्या गल्लीत नव्हता. दुधावर साय दिसली की "श्शी!", बेसिनमध्ये केस दिसला की "श्शी!" जन्मभर गाड्यांना स्प्रेने रंग मारून आणि वर सिगारेटी फुंकून फुफ्फुसांची पार चाळण झाली, घरीच नाकाला ऑक्सिजनची नळी लागली, तरी थाट तोच. त्यांच्या बेडक्याची वाटी मात्र नातीने रिकामी करायची. पिवळट-हिरवं, तळाला चिकटून बसलेलं, हलवलं की थरथरणारं. ती श्वास रोखून ओतायची आणि मनातल्या मनात सगळ्या जगाशी कट्टी घ्यायची.

आज शाळेतून येऊन बघते तर वाटी कोरडी. बेडका हनुवटीवरून ओघळून बनियनवर वाळला होता, त्यावर एक माशी निवांत फेऱ्या मारत होती, आणि आजोबा घोरत होते.

"आजोबा! अहो, माशी!"

एक डोळा अर्धवट उघडला. "बॉनेट... सुकलं का?" परत मिटला. हात मधूनच झटका बसल्यासारखे उडत होते.

"झोपू दे गं," काडीने दात कोरत काका म्हणाला. गॅरेज आता तोच बघायचा. "रात्रभर धापा टाकत होते. सकाळी ऑक्सिजन वाढवला, आता बघ कसे बाळासारखे झोपलेत!"

"वाढवला? किती?"

"पार पाचावर! रंगाच्या गनचा जोर कमी पडला की कंप्रेसरचं प्रेशर वाढवायचं. एवढी वर्षं काय गवत उपटलं मी?" काकाने काडीचं टोक निरखलं, त्यावर आलेलं पुन्हा तोंडात टाकलं आणि चघळलं.

ती सिलिंडरकडे धावली. काटा खरंच पाचावर होता.

"नळी लावताना नर्सताईंनी बजावलं होतं ना, एकच्या वर न्यायचा नाही म्हणून! जास्त ऑक्सिजन दिला की त्यांच्या छातीत खराब हवा साठते, मग गुंगी चढते. ही झोप नाहीये, काका! अंगावर माशी बसलीय आणि त्यांना किळस येत नाहीये!"

काकाचा जबडा थांबला. "मग... बंदच करू?"

"हात लावू नका!" तिने काटा एकवर आणला आणि अॅम्ब्युलन्सला फोन लावला.

दवाखान्यात आजोबांच्या तोंडावर घट्ट मास्क बसवला, मशीन फुसफुसत हवा ढकलू लागलं. काका बाकावर मान खाली घालून बसला. तोंडात काडी होतीच, तीच, कुंचल्यासारखी पिंजलेली. तिला बघवेना.

संध्याकाळी नर्सने पाणी पाजायला मास्क जरा उचलला. आजोबांनी डोळे उघडले, काकाकडे रोखून पाहिलं, आणि नाक हळूहळू वर चढलं.

"श्शी! फेक ती आधी."

काका कचऱ्याच्या डब्याकडे धावला. आजोबांची नजर स्वतःच्या छातीवर गेली.

"आणि हे काय गं? श्शी, श्शी, श्शी!"

"तुमचंच आहे," ती म्हणाली. दोन बोटांच्या चिमटीत तिने बनियनचं ते कडक झालेलं टोक धरलं. तिला ओकारी येत होती आणि हसूही आवरत नव्हतं.