शिवणीवर उसवलेला शब्द

थोरलीचं लग्न झालं त्याच वर्षी, पाहुणे पांगतात न पांगतात तोच शिंपीमास्तरांना झटका आला. हातपाय वाचले, वाचा गेली. दिवसभर गिऱ्हाइकांची फिरकी घेणारा माणूस दुकानात भिंतीकडे तोंड करून बसू लागला. बायको डॉक्टरीणबाईंकडे धावली. हे आता असेच मुके राहणार की काय?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज तोंडात असलेले शब्द तोडून तोडून म्हणवून घ्या."

मास्तरांच्या तोंडात रोज काय, तर ऑल्टरेशन आणि मेजरमेंट! बायको पन्नाशीत अक्षरं शिकलेली. तिने पाटीवर शब्द लिहिला, त्याचे चार सारखे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला कात्रीची मूठ टेबलावर आपटू लागली.

"म्हणा. ऑल. टर. ए. शन."

मास्तर "ऑ... ऑ..." करून अडले, चिडले.

"आई, चादर फाडतेस का?" इंग्रजी शिकवणारी धाकटी म्हणाली.

"मग कसा कापू? तू शहाणी, तूच सांग."

"सगळे तुकडे सारखे नसतात गं. यात जोर एकट्या 'रे'वर. बाकीचे त्याला धरून चालतात."

तेवढ्यात मास्तरांनी कात्री हिसकावली. बायकोला वाटलं, आता भिरकावतात. त्यांनी ती खणात ठेवली, एक जुना कोट तिच्या मांडीवर टाकला आणि शिवणीवरून बोट ओढलं. उभा जन्म ते हेच सांगत आले होते: जुना कपडा कापायचा नाही, शिवण शोधून उसवायचा.

"कळलं हो," ती म्हणाली. "धाकटे, याची शिवण कुठे?"

"'ऑल्टर' म्हणजे बदल करणं. त्याला 'एशन' जोडलं की त्या कामाचं नाव झालं. पण बोलताना तिथे तुटत नाही. ऑल, ट, रे, शन."

"म्हणजे अस्तराची शिवण एकीकडे, वरच्या कापडाची दुसरीकडे. कोटात असतंच की!"

तिने मास्तरांचा हात हातात घेतला. 'ऑल-ट' ओठांतल्या ओठांत म्हटलं आणि 'रे'वर तळहात दाबला.

"...रेशन," मास्तर म्हणाले.

"एकच बाही लागली," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

संध्याकाळपर्यंत अख्खा शब्द आला. मग मेजरमेंट. त्यात जोर पहिल्याच तुकड्यावर, 'मेंट' नुसतं शेपूट. सलग वाक्य मास्तरांना कधीच जमलं नाही. पण गलेलठ्ठ गिऱ्हाइकाच्या पोटाकडे बघून "मेजरमेंट?" म्हणत डोळा मारणं मात्र पुन्हा सुरू झालं.

पुढच्या वर्षी, थोरलीला मुलगी झाली त्या महिन्यात, मास्तर एका दुपारी दुकानातच वारले.