गाळलेल्या नोंदी

नेदरलँड्समधल्या बेस्ट गावाजवळच्या आमच्या खेड्यातलं चर्च या डिसेंबरात कायमचं बंद होतंय. त्याआधी चर्चचा आणि पंचक्रोशीचा इतिहास पुस्तकात यावा, म्हणून गावातल्या हौशी मंडळींनी बाप्तिस्म्याच्या तीनशे वर्षांच्या वह्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. यादी साफ करायचं काम मी अंगावर घेतलं. दिवसभर चिप बनवणाऱ्या मशीनचा डेटा चाळणाऱ्या माणसाला हा डाव्या हातचा मळ.

आईबाप तेच, नाव तेच, अशी जोडी दिसली की मी जुनी नोंद उडवायचो. नवी ती खरी, हा आमच्या धंद्यातला नियम. तारखा जुळत नसत, पण तो पाद्रीबुवांचा घोळ असणार, दुसरं काय? अशा चारशे बारा नोंदी गाळल्या आणि घरी बायकोला, नीरजाला, फुशारकीनं सांगितलंही.

यादी छापायला जायची त्या सकाळी मेव्राउ योहाना, म्हणजे आपल्या योहानाबाई, काठी टेकत आल्या. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांना एकच पान बघायचं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, १९३५ सालची नोंद कुठे आहे?

मी मोडक्या डचमध्ये समजावलं, तुमचं नाव १९३७ला आहे. चुकून दोनदा आलं होतं, एक मी काढलं.

"चुकून नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघी होतो."

मूल गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायची इथे रीत होती. पहिली योहाना अकरा महिन्यांची होऊन गेली. आई तिच्याबद्दल कधी बोलली नाही. थडग्याची जागाही पुढे दुसऱ्या कुणाला दिली. तिचं असं काही उरलं होतं, ते वहीतल्या त्या एका ओळीत.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नशीब, काढलेल्या नोंदी मी वेगळ्या जपून ठेवल्या होत्या. फाइल उघडली. पेट्रुस, मारिया, त्याच घरात पुन्हा मारिया. तीनशे वर्षं या गावातल्या आया गेलेल्या लेकराच्या नावानं दुसऱ्याला जेवायला हाका मारत होत्या. कुठून आणलं असेल एवढं बळ? मी त्या ओळींकडे बघतच राहिलो. हात जोडावेसे वाटले.

चारशे बाराही नोंदी मी जागच्या जागी घातल्या. आता मोठ्यानं वाचा, मेव्राउ म्हणाल्या. मी त्यांच्या नावावर बोट ठेवलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि काठीवर जोर देऊन उभ्या राहिल्या.

"आधी तिचं वाचा. ती थोरली आहे."