दोन वाट्या तेल

घड्याळात चाके सतरा, वजने दोन, घंटा एक. तेल लागणाऱ्या जागा चौतीस. मी त्या दोनदा मोजल्या.

पाद्री ग्वाल्दी एकोणीस वर्षे पेकिंगच्या राजवाड्यात घड्याळे बांधत होते. आम्ही त्यांना गाओ गुरुजी म्हणायचो. हे त्यांचे सर्वांत मोठे घड्याळ, बादशहांच्या दिवाणखान्यासाठी. तिथे थंडीतही शेगडी ठेवत नाहीत. मी पंचांग कचेरीतला. रोज मध्यान्हीची सावली पाहून घड्याळाची चूक लिहायची, एवढेच माझे काम. पहिल्या दिवशी ते सहा मिनिटे मागे पडले, दुसऱ्या दिवशी आणखी नऊ.

देखरेखीवरचे खोजे छियेन म्हणाले, "दुरुस्तीला तीन दिवस घ्या. त्यानंतरच्या पाच दिवसांत हे पाच मिनिटांहून जास्त मागे पडलं, तर घड्याळ कोठारात आणि गुरुजी मकाओ बंदरातून मायदेशाच्या वाटेला."

गुरुजी रोज तेल वाढवत होते. बहिणीने मायदेशाहून धाडलेले जैतुनाचे तेल. घड्याळ आणखीच मंदावत होते.

कुलपे करणारा म्हातारा चू दारात टेकून बघत होता. "गुरुजी, तुमचं घड्याळ माझ्या सासऱ्यासारखं आहे. गारठा पडला की अंथरूण सोडत नाही."

"आणि तुमची कुलपं बरी उठतात, चूदादा?"

"त्यांना चहाच्या बियांचं तेल देतो. बायको तेच केसांना लावते. कुलपं कुरकुरत नाहीत. बायकोचं सांगता येत नाही."

गुरुजी हसले आणि दोन वाट्या मागवल्या. दोन्ही तेले रात्रभर बाहेरच्या पायरीवर ठेवली. सकाळी जैतुनाच्या तेलात उभी केलेली काडी तशीच उभी राहिली. चूचे तेल वाटी कलताच वाहिले.

गुरुजींनी काडी उपसून काढली. "एकोणीस वर्षं मी इथे घड्याळं शिकवतोय. तेलाचं कुणाला विचारलंच नाही."

"आता विचारलंत ना," चू म्हणाला.

त्यांनी सगळी चाके सुटी करून कडक दारूने धुतली. तेल घालायला मात्र चूलाच बसवले. बांबूच्या बारीक काडीने त्याने चौतीस जागी एकेक थेंब सोडला. गुरुजींनी आणखी एक सुचवला.

"नको. घड्याळाला पोहायचं नाहीये."

छियेनसाहेबांना पाठवलेल्या कागदावर गुरुजींनी स्वतःच्या हाताने लिहिले : उपाय चू यांचा.

पाचव्या दिवशी सावली रेषेवर आली. सूर्याच्या स्वतःच्या चालीतला फरक मी वजा केला. पाच दिवसांत घड्याळ एक मिनिट दहा सेकंद मागे पडले होते.