निळ्या कापडावरची अंजिरं

टेबलावर चार वेगळ्या रंगांच्या डेनिमचे छापील तुकडे होते आणि त्यांच्या शेजारी, जिथे ते असायला नको होतं तिथे, बाबांचं मूळ चित्र. यंत्राच्या कडा केव्हाच लख्ख झाल्या होत्या, तरी छपाईवाले मामा त्यांवरून फडकं फिरवतच होते. मी खिडकीच्या गजांवर साचलेले कापसाचे तंतू पाहत होते. बाबा मात्र दोन्ही हात पाठीशी बांधून, वाकून, एकदा कागदाकडे आणि एकदा कापडाकडे पाहत होते. त्यांना कसलीच घाई नव्हती.

मोतीबिंदू काढून तीन आठवडे झाले होते. काळा चष्मा उतरवून ते छपाईखान्यात आले, तो हा पहिलाच दिवस. छापलेलं कापड मूळ चित्राशेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात पाहायचं, ही शिस्त त्यांनीच लावलेली. दिव्याखाली रंग लबाडी करतात, असं ते म्हणत. गेली दोन वर्षं ती शिस्त मी गुपचूप मोडीत काढली होती. चित्र स्कॅन झालं की ते माझ्या कपाटात जाई आणि तिथेच राही. पण आज चित्रकार परत आले म्हणून मामांना उत्साहाचं भरतं आलं. मी फोनवर बोलत असताना त्यांनी कपाट उघडून चित्र काढलं आणि जुन्या रीतीने मांडून ठेवलं.

कापडांवरची अंजिरं जांभळी होती, देठाशी हिरवट, पोटाशी काळपट निळी. कागदावरची तांबूस तपकिरी होती. फार पिकलेल्या, टाकून द्यायच्या बेतात असलेल्या फळांसारखी.

"ही माझी?" बाबांनी कागदाला बोट न लावता विचारलं.

"हो."

"आणि ही? मामा, तुम्ही रंग बदललेत?"

"मी? अहो चित्रकार, घरी भिंतीचा रंग निवड म्हणाले तरी मला ताप भरतो. ताईंनी जे दिलं ते छापलं."

या विनोदावर एरवी बाबाच आधी हसले असते.

"मी बदलले," मी म्हणाले. "संगणकावर."

"फक्त अंजिरांचे?"

"द्राक्षांचेही. आलुबुखारांचे. डाळिंबांच्या सावल्यांचे."

मोतीबिंदूने त्यांच्या नजरेतून निळा रंग इतक्या सावकाश काढून नेला होता, की तो गेल्याचं त्यांना कळलंच नाही. कळलं मला. त्यांच्या खोक्यातल्या निळ्या ट्यूबचं टोपण वाळून घट्ट बसलं होतं. वर्षभर तिला हात लागला नव्हता. पहिल्यांदा मी द्राक्षांचा एक घड सुधारला तेव्हा स्वतःला बजावलं होतं, एवढं एकदाच. मग या छापील डेनिमची जॅकेटं करणाऱ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं, चित्रकारांचा हात दिवसेंदिवस तरुण होतोय म्हणून. ते मी घरी वाचून दाखवलं. त्या संध्याकाळी बाबा शिट्टी वाजवत भांडी विसळत होते. त्यानंतर थांबणं मला जमलं नाही.

"माझं छापा," बाबा म्हणाले. "आहे तसं. चारही रंगांच्या नव्या तुकड्यांवर."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रंगीत डेनिमवर आधी पांढरा थर द्यावा लागतो. त्या थरावर रंग उभे राहतात. तो नसेल तर कापड शाई पिऊन टाकतं.

"पांढरा देऊ ना खाली?" मामांनी विचारलं.

"काही देऊ नका."

"तासभर लागेल हो."

"डोळे नवे आहेत, मामा. काय पाहू दुसरं?"

तो तास यंत्राच्या एकसुरी घरघरीत गेला. मी न बदललेलं चित्र संगणकातून शोधून दिलं. ते माझ्याकडे होतंच, सगळीच होती, एकेका अपराधासारखी तारीखवार लावलेली. बाबा स्टुलावर बसून समोरच्या भिंतीवरचे जुने नमुने पाहत राहिले. त्यांतले कोणते आपले आणि कोणते माझे, हे ते मनाशी लावत असावेत. विचारलं मात्र नाही.

तुकडे सुकले तसे मामांनी एकेक आणून मांडले. पांढऱ्या डेनिमवर चित्र निर्दयपणे जसंच्या तसं उमटलं होतं. करड्यावर अंजिरं मातीची ढेकळं झाली होती. न धुतलेल्या गडद निळ्या कापडाने सगळं गिळून टाकलं होतं. तिरपं धरलं तरच एखाद्या फळाची कड ओलसर चमके आणि विझे.

चौथा तुकडा फिकट निळा, धुऊन धुऊन मऊ केलेला. त्या तांबूस शाईखालून कापडाचा निळा वर आला होता आणि दोन्ही मिळून अंजिरं जांभळी झाली होती. माझ्या जांभळ्याहून खोल, अधिक थकलेली. कापडाची तिरकी वीण सालीवरच्या बारीक चिरांसारखी दिसत होती.

"आयला, झकास," मामा हळूच पुटपुटले आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर सटकले.

"हेच देऊ गिऱ्हाइकाला," मी म्हणाले. "बघा ना, बाबा. मी यात कशालाही हात लावलेला नाही."

"तू नाही लावलास." त्यांनी कापडावर तळवा टेकवला. "पण हा निळा कापडाचा आहे. माझा नाही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला कुठेतरी टेकता आलं असतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ब्रश खाली ठेवला असता."

"ठेवला असता," ते म्हणाले. "आणि दोन वर्षं आधी डोळे दाखवायला गेलो असतो."

हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. मी त्यांची चित्रं जपत होते; त्या जपण्याच्या आड त्यांचा अंधार सुखाने वाढत होता. माफी मागायची सोडून मी दुसरंच काहीतरी बोलले, जे खरं तर सकाळपासून विचारायचं होतं.

"बाबा, गिऱ्हाइकाने नासपतींची नवी मालिका मागितलीय. मी स्कॅन करीन, बाकी कशाला शिवणार नाही. मूळ चित्र रोज इथे टेबलावर राहील. तुम्ही काढाल ना?"

बाबांनी टेबलावरचा काळा चष्मा खिशात ठेवला. फिकट तुकड्याकडे न पाहता त्यांनी गडद तुकडा उचलला, खिडकीशी नेऊन थोडा तिरपा केला, पुन्हा सरळ केला, पुन्हा तिरपा. मग "आधी मला काय दिसत नव्हतं ते पाहू दे," म्हणत तो घडी करून काखेत धरला आणि दारातून, पायरी नीट पाहत, बाहेर पडले.