न उडालेला अठरावा बार

मी एक जुनी पुंगळी आहे, मित्रांनो. रायफलच्या काडतुसाची पितळी पुंगळी. दारू जळून जाते, गोळी उडून जाते आणि मागे उरते ती मी. पुष्कळ नेमबाज आम्हाला गवतात टाकून घरी जातात. पण अमेरिकेतल्या मोंटानातली आमची व्हर्ना लिंडक्विस्ट तशी नव्हती. तीस वर्षं डोंगरातल्या घरांना टपाल वाटून निवृत्त झालेली ही बाई वाकून वाकून एकेक पुंगळी वेचायची. घरी नेऊन साच्यात दाबून मापात आणायची, दारू ओतायची, नवी गोळी बसवायची आणि आम्ही पुन्हा तयार!

आम्ही पन्नास बहिणी एकाच खोक्यातून तिच्याकडे आलो. पहिल्याच दिवशी माझी गोळी सहाशे यार्डांवरच्या लक्ष्याच्या मधोमध बसली. व्हर्नाने मला गरम असतानाच उचललं. "ही माझ्या नशिबाची!" ती ओरडली. तेव्हापासून प्रत्येक सरावाचा पहिला बार माझाच. बहिणींचे आठ बार झाले, तोवर माझे सतरा झाले होते. काय ऐट होती माझी!

सप्टेंबरात मोठी स्पर्धा होती. सहा वर्षं चषक शेजारच्या ड्वाइट हॅनमनकडे होता. कुंपणावरून तो चिडवायचा, "व्हर्ना, यंदा तरी मला घाम फोडशील का?"

"टॉवेल घेऊन ये," व्हर्ना म्हणायची.

स्पर्धेला तीन दिवस उरले आणि घात झाला. भरून फळीवर ठेवलेल्या माझ्या तीस बहिणींच्या तोंडाशी उभ्या चिरा पडल्या. बार न उडताच! व्हर्नाने एक उचलून हुंगली. तिचा नवरा ऑरिन दारात चुळबुळत होता.

"ऑरिन, ह्या कशानं घासल्यास?"

"काचा पुसायच्या औषधानं. म्हटलं, तुझी काडतुसं चमकली पाहिजेत."

"अरे देवा! त्यात अमोनिया असतो. पितळेला तो विषासारखा."

ऑरिनचं तोंड एवढंसं झालं. तिने त्याचा हात धरला. "अर्धी चूक माझीच. आठ बार झाले, एकदाही ह्यांची तोंडं तापवून मऊ केली नाहीत मी. पितळ दर बाराला कडक होत जातं. कडक झालेलं आधी तडकतं."

उरलो आम्ही वीस जणी, गाडीतल्या डब्यात राहून वाचलेल्या. स्पर्धेत बार वीसच, आणि तीन दिवसांत नवी पुंगळी कुठली मिळायला! मी आनंदाने नुसती उसळत होते. भरण्याआधी व्हर्नाने एक तार घेतली, तिचं टोक वाकवलं आणि ते एकेकीच्या पोटात फिरवलं. एकोणीस जणी पास झाल्या. माझ्या बुडाशी मात्र तार अडकली. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा अडकली.

मित्रांनो, साचा जरा जास्त खाली बसवलेला होता. दर वेळी मी प्रमाणाबाहेर आखूड व्हायचे आणि बार उडाला की ताणली जायचे. सतरा वेळा ताणून बुडाजवळ माझी भिंत झिजली होती आणि आतून खाच पडली होती. बाहेरून मी अगदी ठणठणीत दिसत होते.

"एकदाच तर उडवायचीय," ऑरिन म्हणाला. "नशिबाची आहे ना तुझ्या?"

"आणि ही आतच फुटली तर? बार उडताना माझा गाल कुठं असतो, सांग बरं?"

मी मात्र मनात आक्रोश करत होते, एकदाच, फक्त एकदाच!

स्पर्धेच्या दिवशी मी तिच्या खिशात होते. एकोणीस काडतुसं, एकोणीस बार! बाहेर दणके बसत होते आणि आकडे पुकारले जात होते. दहा! दहा! नऊ! दहा! एकोणीस बारांनंतर व्हर्ना एकशे पंच्याऐंशी, ड्वाइट एकशे अठ्ठ्याहत्तर. सात गुणांची आघाडी घेऊन तिने रायफल खाली ठेवली. सगळं मैदान चक्रावलं. ड्वाइटने श्वास रोखून शेवटचा चाप ओढला.

"नऊ!"

तो दोन गुणांनी जिंकला. टाळ्या वाजल्या, पण तो धावत आला तो चिडूनच. "विसावी का नाही उडवलीस? दया दाखवतेस काय मला?"

व्हर्नाने मला आणि तारेला त्याच्या हातात दिलं. त्याने तार फिरवली. टोक अडकलं. त्याचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॉफीच्या डब्यात आपल्या पुंगळ्या घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला.

"सहा जणींमध्ये खाच लागतेय, व्हर्ना. काल ह्याच उडवल्या मी. तुझ्या शेजारी बसून."

ऑरिनने तिघांसाठी कॉफी ओतली. मग त्यांनी करवतीने मला उभी कापली. आतली भिंत नखाच्या कडेइतकी पातळ उरली होती आणि अर्ध्या घेरात भेग आरपार गेली होती. व्हर्नाने नकळत आपल्या गालावर हात ठेवला.

आज मी क्लबच्या भिंतीवर टांगलेली आहे, दोन अर्धुकांत. नवीन माणूस आला की ड्वाइट स्वतः त्याचं बोट माझ्या भेगेवरून फिरवतो आणि म्हणतो, "आधी आत बघ."

मित्रांनो, जी वस्तू तुमच्या सगळ्यात लाडाची असेल, तीच आधी तपासा. लाडामुळेच ती जास्त झिजलेली असते. सतरा वेळा मी लक्ष्य गाठलं, पण माझा खरा अभिमान आहे तो कधीच न उडालेला अठरावा बार!