चंद्रीला पाडव्याचं तेल

मित्रांनो, भिंतीला कान असतात हे तुम्ही ऐकलं असेल. खरं आहे ते. पण भिंतीला लाजही असते, हे कुणी सांगत नाही. म्हणून म्हटलं, आज आपणच तोंड उघडावं. मी एक जुनी भिंत आहे. कोल्हापुरात बाळासोंची गुळाची वखार आहे, तिची रस्त्याकडची लांबच लांब बाजू म्हणजे मी. माझ्यासमोर दगडी कट्टा आहे, आणि सकाळ-संध्याकाळ त्या कट्ट्यावर म्हशी येतात.

बाहेरगावच्या मुलांना हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्याकडे पिशवीतल्या दुधावर माणसांचा जीव रमत नाही. गवळी म्हशी घेऊन कट्ट्यावर येतात, गिऱ्हाईक पेला घेऊन उभं राहतं, आणि धार थेट पेल्यात पडते. कोमट, फेसाचं दूध उभ्या उभ्या प्यायचं, मिशीला लागलेला फेस पुसायचा आणि मग तासभर गप्पा हाणायच्या. त्या गप्पा ऐकतच मी म्हातारी झाले.

बाळासोंच्या आजोबांनी मला बांधून घेतलं. दगड काळा, चुना बैलांच्या घाणीत मळलेला. आणि वखार गुळाची, तेव्हा गवंड्यानं चुन्यात गूळही सढळ हातानं घातला. सुरुवातीला मुंग्यांनी मला सुखानं उभं राहू दिलं नाही. पण अंग असं धरलं, की पुढं खिळा ठोकायला कुणी आलं तर खिळाच वाकायचा. येणारे-जाणारे माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "भिंत बघा, नादखुळा!" आणि मी फुगून जायची.

पण कौतुक किती दिवस टिकतं? मोकळी भिंत दिसली की लोकांचे हात शिवशिवतात. सर्कस आली, चिकटवा. सिनेमा लागला, चिकटवा. निवडणूक आली की रात्रीतून निशाण्या उमटायच्या. पान खाणाऱ्यांनी तर मला पिकदाणीच करून टाकली. 'येथे घाण करू नये' असं कुणीतरी मोठ्या अक्षरात लिहिलं, तर लोक नेम धरून त्याच अक्षरांवर थुंकू लागले. लाज असते म्हटलं, ती यासाठी.

अठ्ठ्याण्णव सालच्या थंडीत दोघं जण माझ्यासमोर येऊन उभे राहिले. एक होती सुष्मिता, हातकणंगल्याची पोर, शहरात चित्रकला शिकवायची. दुसरा सयाजी. सिनेमाचे मोठे मोठे बोर्ड रंगवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ही सगळी भिंत रंगवायची, असं त्या दोघांनी ठरवलं होतं. पण काय रंगवायचं ते कट्ट्यावरच्या माणसांनी सांगायचं आणि ब्रशही त्यांनीच धरायचा, अशी सुष्मिताची अट होती.

झालं! कट्ट्यावर नुसता गोंधळ. कुणी म्हणे पैलवान काढा, कुणी म्हणे फुटबॉल काढा, आणि फुटबॉल म्हटल्यावर कुठल्या तालमीच्या संघाच्या रंगाचा बनियन, यावरून दोघांनी बाह्या सारल्या. शेवटी गुंडूतात्या बोलले. हे कट्ट्यावरचे सगळ्यात जुने गवळी. ते म्हणाले, "आरं, जिच्या जिवावर हितं उभा हाय ती सोडून सगळं जग फिरून आलासा. म्हस काढा की."

आता म्हैस म्हटल्यावर कुणाची? कृष्णात गवळ्याला आपल्या म्हशीची वळलेली शिंगं हवी होती, दुसऱ्याला आपल्या म्हशीचं अंग. धड एकीचं आणि शिंगं दुसरीची काढली तर लोक जत्रेतलं सोंग म्हणतील, म्हणून सयाजीनं सगळ्या म्हशी ओळीनं उभ्या करायला लावल्या. अनोळखी माणसं कागद घेऊन समोर आली तशा सगळ्या बुजल्या. एकटी चंद्री तेवढी रवंथ करत जागची हलली नाही. चंद्री ही बनाबाईची म्हैस. लांब मागं गेलेली शिंगं आणि कपाळावर पांढरा चांद. बनाबाईला मागं-पुढं कुणी नव्हतं. 'मी येतो, मी जातो' असं बायकांनीही रांगडं बोलायची आमच्याकडची रीत, तशीच ती रोखठोक बोलायची. पण चंद्रीशी बोलताना तिचा आवाज एकदम मऊ व्हायचा.

मग बांबूची परांची उभी राहिली. आधी मला खरवडून धुतलं. सर्कशीपासून निवडणुकीपर्यंत सगळे कागद सोलून निघाले आणि किती वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला! सयाजीनं रंगात बुडवलेली दोरी ताणून माझ्यावर चौकोन पाडले, सुष्मितानं त्यांत रेषा ओढल्या, आणि मग एकेक चौकोन एकेकाच्या वाट्याला आला. धार काढणाऱ्या हातांनी ब्रश धरले. केरबा न्हावी समोरचं सलून बंद करून शेपूट रंगवायला आला. बनाबाईनं कपाळावरचा चांद मागून घेतला आणि दुसऱ्या कुणाला त्या चौकोनाजवळ फिरकू दिलं नाही. रंग ऑइलपेंटचे, म्हणजे ऊन-पावसात टिकणारे.

मला माझं चित्र कधी सगळं दिसलं नाही. आपलं तोंड आपल्याला कुठं दिसतं? पण केरबाच्या सलूनचं दार उघडं असलं की आतल्या आरशात चंद्रीचं कपाळ तेवढं दिसायचं. काळ्याभोर रंगात पांढरा चांद. बाकीचं मी लोकांच्या तोंडांवर वाचलं. कागलची, वारणेची माणसं वाट वाकडी करून बघायला यायची, आणि माझ्यावर थुंकायची कुणाची छाती झाली नाही. मी मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची!

पुढच्या उन्हाळ्यात चंद्री आजारी पडली. डॉक्टर झाले, झाडपाला झाला, पण ती उठली नाही. बनाबाई काही दिवस कट्ट्यावर आलीच नाही. आली तेव्हा दुसरी म्हैस घेऊन आली, धार काढली, गिऱ्हाईक केलं आणि जाताना माझ्याजवळ थांबून चित्रातल्या पायावर हात ठेवून म्हणाली, "जातो गं." तेव्हापासून ते रोजचंच झालं. माझ्यासारख्या दगडालाही त्या हाताची सवय लागली.

आणि दिवाळीचा पाडवा आला. पाडव्याला आमच्याकडे म्हशींचा थाट काय वर्णावा! शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायांत घुंगरू, आणि अंगाला तेल चोळून अशी चमकवतात की नजर ठरत नाही. त्या दिवशी बनाबाई कोमट शेंगतेलाचं भांडं घेऊन थेट माझ्याकडं आली आणि चित्रातल्या चंद्रीच्या पायांना तेल चोळू लागली. लोक बघतच राहिले. कुणीतरी विचारलं, तर ती म्हणाली, "समद्या नटल्या. माझीच कोरडी ऱ्हायची व्हय?"

गुंडूतात्यांचे डोळे भरून आले. ऑइलपेंटच आहे, त्याला तेलानं काय होतंय, असं तेच म्हणाले आणि शिडी आणायला सांगितली. मग काय, ज्याच्या त्याच्या हातात तेल. पोट झालं, पाठ झाली, शिंगं झाली. खरं सांगते मित्रांनो, मला फार बरं वाटलं. एवढ्या वर्षांत माझी कुणी मालिश केली नव्हती. उन्हात चंद्री अशी झळकली म्हणतात, की रस्त्यावरच्या खऱ्या म्हशी फिक्या पडल्या.

पण दिवाळीचा फटाक्यांचा धूर, रस्त्याची धूळ आणि रिक्षांची काजळी, सगळं त्या तेलाला येऊन चिकटलं. महिना उलटायच्या आत चित्राचं नुसतं डांबर झालं. म्हैस कुठली आणि भिंत कुठली, काही कळेना. सलूनच्या आरशात मी रोज बघायची. आधी चांद मळला, मग पिवळा पडला आणि एके दिवशी दिसेनासा झाला. घाण दिसली की माणसं घाण करतात. पानाची पहिली पिचकारी परत आली तेव्हा माझ्या जिवाचं पाणी झालं.

गूळ न्यायला येणारे व्यापारी नाकं मुरडू लागले. बाळासो मनानं वाईट नव्हते, पण त्यांनाही बघवेना. रविवारी सगळ्या भिंतीवर चुना मारायचा, असं त्यांनी सांगून टाकलं. एक सिमेंटवाला जाहिरातीसाठी भिंत मागतच होता. हे ऐकलं आणि बनाबाई धार अर्धी सोडून माझ्याजवळ आली. म्हणाली, "एकदा देवानं न्हेली. आता म्या माझ्या हातानं घालवली." त्यानंतर धारेचा पेला भरून वाहिला तरी तिचं लक्ष नसायचं.

सयाजीनं सुष्मिताला निरोप धाडला. रविवारी सकाळी ती आली, तेव्हा बाळासोंचा चुना पिंपात भिजवून तयार होता. गुंडूतात्या आपल्या म्हशीच्या आडोशाला जाऊन उभे राहिले. तेल कुणी लावलं, असं सुष्मितानं विचारलं. बनाबाई उठली, पुढं आली आणि पाडव्याचं सगळं तिनं खालमानेनं सांगितलं. आता बाई रागावणार, असं सगळ्यांना वाटलं. पण सुष्मितानं तिचे दोन्ही हात धरले. मग ती बाळासोंकडं वळली आणि संध्याकाळपर्यंत थांबायची विनंती केली.

"धुऊन बघू," ती म्हणाली, "पण मावशी, रंग राहील का ते मलाही ठाऊक नाही."

कडक सोडा नको, घासणी नको. साधा साबण, कोमट पाणी आणि जुन्या लुगड्यांचे बोळे. शेपटीपासून सुरुवात झाली. पहिला बोळा फिरला आणि काळं पाणी ओघळलं. सगळ्यांचे हात थांबले. म्हैसही काळी आणि मळही काळा! वाहून जातोय तो मळ का चंद्री, हे कळणार कसं? सयाजीनं बोटानं चोळून पाहिलं, सुष्मितानं डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. छातीठोकपणे सांगायला कुणी तयार होईना. बोळे फिरत राहिले, गटारीतून काळं पाणी वाहत राहिलं, आणि मला तर वाटू लागलं की आता आपण पुन्हा कोऱ्या होणार.

कपाळ शेवटी आलं. तिथं तरी खरं-खोटं कळणार होतं, कारण तेवढीच एक जागा पांढरी होती. सयाजी शिडीकडं निघाला, तसं बनाबाईनं त्याच्या हातातला बोळा घेतला.

"शिडी धरा," ती म्हणाली. "त्यो चौकोन माझा हाय. ऱ्हायला तर माझ्या हातानं, गेला तर माझ्या हातानं."

ती वर चढली. एक हात माझ्यावर टेकवून तिनं बोळा कपाळावर ठेवला. एकदा पुसलं, काही नाही. दुसऱ्यांदा पुसलं. तिसऱ्यांदा साबणाचा फेस खाली सरकला आणि मला समोरच्या आरशात एक पांढरी कड दिसली. मग अर्धा चांद, मग सगळा. रंग जराही हलला नव्हता. बनाबाईनं कपाळ चंद्रीच्या कपाळाला टेकवलं आणि ती हुंदका देऊन रडली. खाली गुंडूतात्यांनी टोपी काढून डोळे पुसले. सुष्मिता कट्ट्यावर बसून हसत होती आणि रडतही होती. हुश्श! मी दगडाची असून माझे सांधे सैल झाल्यासारखे वाटले.

बाळासोंनी चुन्याच्या पिंपाकडं पाहिलं, चित्राकडं पाहिलं आणि गड्याला म्हणाले, "जा, परसातल्या झाडांच्या बुंध्यांना मार त्यो."

त्या दिवसाला आता नऊ वर्षं झाली. मधल्या काळात प्लॅस्टिकचे छापील बोर्ड आले, सयाजीचं सिनेमाचं काम गेलं, आणि तो आता दुकानांची शटरं रंगवतो. पण दरवर्षी पाडव्याच्या आधी तो येतो, सुष्मिता येते, आणि अख्खा कट्टा मिळून साबणाच्या पाण्यानं चंद्रीला आंघोळ घालतो. तेलाचं काय, म्हणाल? धुण्याच्या त्या रविवारीच सुष्मितानं चित्रातल्या पुढच्या खुराजवळचा एक दगड बोटानं दाखवून सांगितलं होतं, "मावशी, इथं रंग नाही. पाडव्याला तेल इथं लावा."

मित्रांनो, तुमच्या गावातही कुठं ना कुठं भिंतीवर चित्र असेल, चौकात पुतळा असेल. त्याच्यावर थुंकू नका, हे तर मी सांगणारच, भिंतच आहे मी. पण ज्याच्यावर तुमची फार माया आहे, त्याला काय सोसतं तेही एकदा विचारून घ्या. मायेनं केलेलं धुऊन निघतं, पण दरवेळी निघेलच असं नाही.

बनाबाई आता थकली. काठी टेकत येते. कालच्या पाडव्यालाही आली, कोमट तेलात बोटं बुडवून त्या दगडावर फिरवली. तो दगड आता चंद्रीच्या पाठीसारखा मऊ झाला आहे. मग चित्राकडं मान वर करून तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "जातो गं. हाईस तू, बरं हाय."